खाणीच्या जमिनीत माती देऊ द्या

मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक,
वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, नागपूर

महोदय,

कोळसा काढून झालेल्या एखाद्या खाणीलगतची काही एकर जमीन नैसर्गिक दफनासाठी राखून ठेवा, अशी मागणी करायला हे पत्र लिहितो आहे.

अशा दफनभूमीत देहाला रसायनं लावत नाहीत, सिमेंट नाही, संगमरवर नाही. सुती कापडात गुंडाळलेला देह, बेताचा खड्डा, वर देशी झाड. आणि दफनासाठी मिळालेल्या पैशातून त्या रानाची कायमची राखण. अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या रॅमझी क्रीक इथे डॉ. बिली कॅम्पबेल यांनी १९९८ मध्ये हे सुरू केलं.

आपल्याला ही रीत परकी नाही. मुसलमान कफनातल्या देहाला कच्च्या कबरीत माती देतात. लिंगायत, महानुभाव, गोंड यांच्यातही पुरतात. नागपूरजवळ काटोल रोडवरच्या जुनापाणीला तर लोहयुगातल्या दफनांची सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कारनॅकने १८७९ मध्ये त्यातली काही उकरली. तिथल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत, बोटांना ते आजही लागतात. आपल्या माणसाच्या आठवणीसाठी त्या लोकांना माळावरचा दगड पुरला.

खाणीत मात्र वरची काळी माती जाते आणि खालच्या मुरूम-दगडाचे ढिगारे उभे राहतात. त्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतो, पाऊस लागला की ते नाल्यात उतरतात. चंद्रपूरजवळच्या तुमच्याच पद्मापूर खाणीत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने अशा ढिगाऱ्यावर सेंद्रिय गाळ घातला, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी दिली, आणि रोपं जगवली. म्हणजे विद्या याच शहरात आहे. उणीव आहे ती राखणाऱ्याची. कंत्राट संपतं, पाणी थांबतं, गुरं शिरतात. जिथे आईबाप पुरले आहेत, तिथे कुऱ्हाड उचलायला मात्र कुणाचा हात धजत नाही. माझ्या मते या कल्पनेचं खरं बळ इथे आहे, देहाचं खत होण्यात नाही.

ताजा ढिगारा यासाठी चालणार नाही, तो सरकतो. जमीन स्थिरावलेली हवी, भूजल खोल हवं. ते नीरीने तपासून द्यावं. खाणीसाठी ज्यांची गावं उठली, त्यांचे मसणवटेही गावाबरोबर गेले. त्यांना इथे पहिला हक्क द्या, तोही विनामूल्य. ज्यांच्यात जाळण्याची रीत आहे, त्यांच्यासाठी नागपूरच्या घाटांवर शेतकचऱ्यापासून केलेलं मोक्षकाष्ठ हे जळण आहेच. त्यांच्या रीतीला या मागणीने धक्का लागत नाही.

पावसाळ्याआधी नीरी, जिल्हाधिकारी, खाणपट्ट्यातल्या ग्रामसभा आणि पुरण्याची रीत पाळणाऱ्या समाजांची एक बैठक कोल इस्टेटमध्ये बोलवा. जमीन कोणती द्यायची, ते तिथेच ठरवा.

आपला,
एक नागपूरकर