छंदांची पेटी : आजोबांच्या चष्म्याची सख्खी बहीण

माळा आवरायला घेतला की काय काय हाती लागतं, नाही? एखादा जुना फिल्मचा कॅमेरा, त्याची कातडी पिशवी आणि पिशवीच्या कप्प्यात एक गोल प्लॅस्टिकची डबी. डबीत धातूचं कडं आणि कड्यात बसवलेली काच. घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘फिल्टर आहे रे तो, ठेव परत!’’

ठेवू नका! आधी ती काच ओळखू या. कारण तिच्यातून मुंगीच्या मिशा दिसू शकतात. आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात अशी डबी घ्यायची झालीच, तर पैसे वाया जाऊ नयेत म्हणूनही ओळख हवी.

फिल्टर म्हणजे गाळणी. पिवळा फिल्टर निळा रंग गाळतो, युव्ही फिल्टर अतिनील किरण गाळतो. पण ‘क्लोजअप फिल्टर’ काहीच गाळत नाही! ते चक्क एक भिंग आहे. आजोबांना पेपर जवळ धरला की अक्षरं पुसट दिसतात, म्हणून ते वाचायचा चष्मा लावतात. कॅमेऱ्याचंही तसंच. जुन्या कॅमेऱ्यांची ५० मिलिमीटरची साधी लेन्स साधारण अर्ध्या मीटरपेक्षा जवळचं स्पष्ट पाहू शकत नाही. तिला जवळचा चष्मा लावला की झालं! म्हणजे ही काच आणि आजोबांचा चष्मा या सख्ख्या बहिणीच. दोघींचे नंबरसुद्धा एकाच मापात, डायॉप्टरमध्ये.

काच कोणती?

काच वर्तमानपत्रावर वीतभर उंचीवर धरा आणि हळूच डावी-उजवीकडे हलवा.

अक्षरं जागची हलली नाहीत, तर काच सपाट आहे. तो दुसरा कुठला तरी फिल्टर. अक्षरं मोठी दिसली आणि काच उजवीकडे नेली की ती डावीकडे पळाली, तर शाब्बास, हेच आपलं क्लोजअप भिंग! अक्षरं लहान दिसली तर ते अंतर्वक्र भिंग, आपल्या कामाचं नाही. एकाच अक्षराची तीन-चार अक्षरं दिसली तर तो गमतीच्या फोटोंचा फिल्टर. पण सावधान, +१ सारखं हलकं भिंग अक्षरं अगदी थोडीच मोठी करतं. घाईत त्याला साधी काच समजाल, म्हणून पळणाऱ्या अक्षरांकडे लक्ष ठेवा.

कड्यावरचा आकडा

आता कड्यावर बघा. ४९, ५२, ५५ किंवा ५८ असा आकडा असेल तर तो भिंगाचा नंबर नव्हे! ते कड्याचं माप आहे, मिलिमीटरमध्ये. कॅमेऱ्याच्या लेन्सवरही ‘Ø’ या खुणेशेजारी असाच आकडा असतो. दोन्ही जुळले तरच आटे बसतात. जबरदस्तीने फिरवलंत तर आटे बिघडतील.

भिंगाचा नंबर बहुतेकदा +१, +२, +३, +४ किंवा +१० असा लिहिलेला असतो. पण सगळ्या कंपन्या एका शाळेत शिकलेल्या नाहीत! निकॉनच्या जुन्या भिंगांवर ०, १, २ असे क्रमांक आहेत. त्यांची खरी शक्ती मात्र ०.७, १.५ आणि ३. म्हणजे ‘२’ लिहिलंय आणि आहे ३! कॅननच्या भिंगांवर ५०० किंवा २५० दिसेल. ते आहे नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. ५०० म्हणजे +२ आणि २५० म्हणजे +४. हॅसलब्लाड कॅमेऱ्यासाठीच्या ‘प्रॉक्सार’ भिंगांवर हेच अंतर मीटरमध्ये लिहितात. शिवाय जुन्या डब्यांमध्ये काचांची अदलाबदल झालेली असते, ते वेगळंच. डबीवर +३ आणि आत +१!

मग विश्वास ठेवायचा कुणावर? मोजपट्टीवर!

नंबर शोधा, स्वतः

दुपारच्या वेळी खोलीतले दिवे बंद करा आणि एकच खिडकी उघडी ठेवा. खिडकीतून लांबचं झाड किंवा इमारत दिसायला हवी, निदान पन्नास पावलं दूर. खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा. काच कागदासमोर धरा आणि पुढे-मागे करा. एका क्षणी कागदावर झाडाचं स्पष्ट चित्र उमटेल. तेही उलटं! आता मित्राला काच आणि कागद यांच्यातलं अंतर मोजायला सांगा.

१०० ला त्या सेंटिमीटरांनी भागा. ५० सेंटिमीटर आलं? १०० भागिले ५०, म्हणजे +२. ३३ आलं तर +३. २५ आलं तर +४. १० आलं तर +१०. दहावीच्या विज्ञानात ‘भिंगाची शक्ती’ म्हणून जे सूत्र येतं, ते हेच.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही. हा प्रयोग सूर्यावर करू नका आणि भिंगातून सूर्याकडे बघू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते आणि कागद पेटतो तो वेगळाच.

आता फोटो!

भिंग लेन्सवर चढवा आणि लेन्सचा फोकस ‘अनंत’वर, म्हणजे आडव्या आठच्या खुणेवर ठेवा. आता जे अंतर तुम्ही कागदासमोर मोजलं, बरोबर तेवढ्याच अंतरावरची वस्तू स्पष्ट येणार. +२ ला अर्धा मीटर, +४ ला पाव मीटर. ज्या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघावं लागतं, त्याच्यासाठी तेवढ्या लांबीची सुतळी कापून ठेवा. एक टोक भिंगापाशी, दुसरं वस्तूपाशी. सुतळी ताणली, बाजूला केली, की टिपा फोटो!

दोन भिंगं एकावर एक चढवली की नंबरांची बेरीज होते. +१ आणि +२ मिळून +३. जास्त नंबरचं भिंग लेन्सजवळ ठेवायचं. तीन-चार काचांची उतरंड मात्र नको, चित्र धूसर होतं. कडा पुसट येत असतील तर लेन्सचं छिद्र लहान करा, एफ/८ किंवा एफ/११. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, कारण एवढ्या जवळून हात जरासा हलला तरी फोटो गेलाच.

आणखी एक गंमत. ५० मिलिमीटरच्या लेन्सला +२ लावलं तर २ सेंटिमीटरचं फुलपाखरू फिल्मवर २ मिलिमीटरचं येतं. तेच भिंग २०० मिलिमीटरच्या लेन्सला लावलं तर ८ मिलिमीटरचं! आणि तरीही तुम्ही फुलपाखरापासून अर्धा मीटर लांबच. ते उडत नाही, तुम्ही खूश!

मोबाईलवर चालेल का? चालेल, पण फोनची लेन्स मुळातच बरंच जवळचं पाहते. त्यामुळे +१, +२ ने फारसा फरक पडत नाही, +१० ने पडतो. काही फोन वस्तू जवळ आली की आपणहून दुसरी लेन्स निवडतात, तेव्हा काच योग्य लेन्ससमोर आहे ना, ते बघा.

टिपायचं काय?

छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींना विषयांचा काय तोटा! घरात जुनी हिमरू शाल असेल तर आईला विचारून बाहेर काढा. हिमरूला ताणा सुती आणि बाणा रेशमी. शाल उलटी करा आणि +४ लावा. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला सुटे धावताना दिसतील. शालीची ऊब आणि मऊपणा त्यांच्यामुळेच. हिमरूचे हातमाग आता मोजकेच उरलेत. शालीला कसर लागली तर ती वीण पुन्हा बघायला मिळणं कठीण. म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मागे तारीख लिहून ठेवा.

बीबी का मकबऱ्याला गेलात तर भिंतीचा खालचा भाग आणि त्याच्या वरचा भाग, दोन्हींचे जवळून फोटो घ्या. लांबून सगळं सारखंच पांढरं. पण खाली संगमरवर आहे आणि वर काळ्या दगडावर बारीक गिलावा. ताजमहालासारखं सगळंच संगमरवरी नाही, हे तुमच्या फोटोत दिसेल. भिंतीला हात मात्र लावू नका. तिवईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती घरीच ठेवा. आणि पहिला पाऊस पडला की मातीत मखमली लाल मृगाचा किडा शोधा. त्याला उचलू नका, तुम्हीच पोटावर झोपा!

काच जपा

काच विकत घेताना ती उजेडासमोर तिरपी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सोडून द्या. बारीकसा ओरखडा चालतो. साफ करताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ सुती कापड. शर्टाच्या टोकाने पुसलंत तर धुळीचे कण काच ओरबाडतील. कडं अडकलं तर त्याच्याभोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि हलकेच फिरवा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा.

आणि हो, आजोबांच्या चष्म्याचा नंबरही याच पद्धतीने काढून बघा, अर्थात त्यांची दुपारची झोप चालू असताना! मग डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडा. उत्तर किती जुळलं आणि डबीवरचा आकडा खरा निघाला की खोटा, ते आम्हाला जरूर कळवा.