वीतभर अलीकडे

दिवाळी सरली, भातकापणी आटोपली आणि जमीन जरा वाळली, की आमच्या रत्नागिरीकडे कबड्डीचे दिवस येतात. नाक्यानाक्यावर फलक लागतात, वाडीवाडीचे संघ नावे नोंदवतात आणि आमच्यासारखे निवृत्त गृहस्थ मफलर गुंडाळून, 'जरा पाय मोकळे करून येतो,' म्हणत रात्री घराबाहेर पडतात. आमचे पाय कुठे मोकळे होतात हे सौभाग्यवतींना पक्के ठाऊक. त्या एवढेच विचारतात, "आज अंतिम सामना का?"

वडिलांच्या पिढीचा हुतुतू तो हाच. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी करून दाखवला. १९९० साली तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत दाखल झाला. आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डीने त्याला थेट आपल्या दिवाणखान्यात आणून बसवले. तिथे मॅट गुळगुळीत, दिवे झगझगीत. पण वाचकहो, चढाई करणाऱ्याचा दम काही तिथे ऐकू येत नाही. वाडीच्या मैदानात तो ऐकू येतो. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद अशी ती मातीची चौकट. बाहेरच्या दोरीला गुडघे टेकून आपण बसलेले. बाद गडी समोरच खाली मान घालून बसतो आणि त्याच्या संघाने गुण मिळवला, की माती झटकून पुन्हा आत जातो. मेलेल्याला उठवण्याची ही सोय मला फार आवडते.

गेल्या वर्षीची गोष्ट. अंतिम सामना. आमच्या बाजूचा संघ एका गुणाने मागे आणि शेवटची चढाई. एक गडी टिपला तर बरोबरी, दोन टिपले तर चषक! बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा गेला. त्याने मध्यरक्षकाला पायाने अचूक टिपले. पण वळतो न वळतो तोच डाव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला. पाठोपाठ चौघे अंगावर. पोराने हात लांबवला. मध्यरेषा वीतभर राहिली, दम तुटला, शिट्टी झाली.

आणि मी, सत्तरीचा शहाणा माणूस, ओरडलो, "अरे, दोन वेळा जेवतोस की नाही?"

लोक हसले. मलाही त्या वेळी आपण काही विनोद केला असे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन मिरकरवाड्याला मासळी आणायला गेलो. बंदरावर होड्यांतून मासळीची खोकी उतरत होती. डोक्यावर खोके घेतलेला एक पोरगा समोरून आला. कोपराला चिंधी बांधलेली, घोटा सुजलेला. तोच तो! मी पटकन सुरमईचा भाव विचारू लागलो.

खोके ठेवून तो माझ्याकडेच आला. "काका, काल खांबाजवळ तुम्हीच बसला होतात ना? आवाजावरून ओळखलं."

आता ऐकून घेणे भाग होते.

"एक विचारू? तो डावा कोपरा मला दिसलाच नाही. कधी पुढे सरकला तो?"

"तू पाय टाकलास तेव्हाच," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हांला दिसला होता!" तो मान हलवत हसला. "चला, पुढच्या वेळी लक्षात ठेवतो." आणि लंगडतच दुसऱ्या खोक्याकडे गेला.

मला दिसला होता. ओरडायचे तर तेच ओरडता आले असते. पण त्या क्षणी मला भलतेच सुचले. सुरमई न घेताच घरी आलो. सौभाग्यवतींनी रिकामी पिशवी पाहिली, माझे तोंड पाहिले आणि मुकाट्याने पिठल्याची तयारी केली.

यंदाही फलक लागतील. मी जाणार आहे आणि त्याच खांबाजवळ बसणार आहे. फक्त पाठ करून ठेवले आहेत दोनच शब्द : "डावा कोपरा!"