चणचण कोणाची, सवड कोणाची?

‘पैशाची चणचण भासते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती अवर्षणासारखी आकाशातून उतरली असावी असे वाटते. इंग्रजीत अशा माणसाला ‘प्रेस्ड फॉर मनी’, म्हणजे पैशापायी दाबला गेलेला, म्हणतात. दाबणारा कोण, हे त्यांनाही सांगावेसे वाटत नाही. आपल्या खेड्यांना मात्र दोघेही ठाऊक आहेत: नडलेला आणि त्याला नाडणारा.

परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी घ्या, किंवा आसपासचे काळ्या मातीचे कोणतेही गाव. सोयाबीन घरात येते त्याच सुमारास खताबियाण्याची उधारी, मळणीचे पैसे, दिवाळी आणि हरभऱ्याची पेरणी एकदमच दारात उभी राहतात. वर्षाची सारी कमाई पोत्यांत भरलेली असताना शेतकरी सर्वाधिक तंगीत असतो. आम्ही अर्थशास्त्राचे मास्तर याला रोखतेची अडचण म्हणून पुढच्या प्रकरणाकडे वळतो. व्यापारी तसा वळत नाही.

२०२४ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची १२ टक्क्यांची मर्यादा १५ वर नेण्याचा निर्णय नोव्हेंबरच्या मध्यास झाला. तोवर दिवाळी उलटली होती. ज्याला थांबणे परवडत नव्हते, त्याचा माल केव्हाच गेला होता.

१८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, तेव्हापासून कायदे झाले ते मुख्यतः व्याज आणि दस्तऐवज यांविषयी. नडीची वेळ कोणी मोजली नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०–९१ पासून आहे: मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, व्याज सालीना ६ टक्के. समजा, दहा क्विंटलची किंमत ४२,००० रुपये. त्यावर ३१,५०० रुपये उचलले, तर चार महिन्यांचे व्याज ६३० रुपये. घाईने विकताना हमीभावापेक्षा क्विंटलमागे सातशे कमी मिळाले, तर बुडाले सात हजार.

तारण ठेवल्याने बाजारभाव चढतोच, असा भ्रम कोणी बाळगू नये. खरेदी केंद्रावर आपली पाळी येईपर्यंत दम धरता यावा, एवढेच त्याचे काम. पण दहा पोत्यांच्या धन्याला तालुक्याच्या गोदामापर्यंतचे भाडेच जड जाते. म्हणून कार्यकर्त्यांनी यंदा हमीभावाच्या घोषणेबरोबर दोन मागण्या धराव्यात: गोदाम गावाजवळ हवे, आणि तारणाची रक्कम माल उतरेल त्याच दिवशी हाती पडावी. बाजार समितीकडे ही मागणी श्रावणातच न्यावी. दसऱ्यानंतर नेऊन उपयोग नाही.