माकडहाड आणि दहावीचे पुस्तक

पाठीच्या कण्याच्या शेवटच्या टोकास मराठीने माकडहाड असे नाव दिले आहे. हे नाव ज्या कोणी प्रथम उच्चारले, त्याच्या कानांवर डार्विनचे नाव गेलेले असेलच असे नाही. शेपटी नसलेल्या प्राण्याच्या अंगी शेपटीचे बूड शिल्लक आहे, एवढे मात्र त्याने बिनचूक ओळखले होते. त्याच हाडाचा अर्थ दहावीतील मुलास सांगावा की न सांगावा, याविषयी आज वाद घालण्याची पाळी आम्हांवर यावी, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रकरण कोठून सुरू झाले, ते आधी सांगतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एका वैदिक संमेलनानिमित्त केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो अभ्यासक्रमांतून बदलावयास हवा, असे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहिलेले नाही, हा त्यांचा मुख्य आधार. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून या विधानास शास्त्रात थारा नाही, असे स्पष्ट केले. त्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्यास अशी विधाने न करण्याविषयी सुनावले.

आम्हांस नवल वाटते ते याचे, की हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले आहेत. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसेल तर गुन्हाच घडला नाही, असे मानून पोलीस खाते एक दिवस तरी चालेल काय? कोणी न पाहिलेली गोष्ट मागे राहिलेल्या खुणांवरून सिद्ध करणे, हाच तपासाचा अर्थ. आम्हां कारकुनांचे काम तरी याहून वेगळे कोठे आहे? वीस वर्षांपूर्वीचा व्यवहार आम्ही पाहिलेला नसतो. नस्तीतील टिपणे, जावक क्रमांक आणि सह्या यांवरून तो आम्ही जुळवितो, आणि त्यावर लाखोंची देयके मंजूर होतात. आणखी गंमत अशी, की ज्या बोटांच्या ठशांवर पोलिसांचा एवढा भरवसा, त्या रेषाही वानरकुळाच्याच ठेवणीच्या आहेत. झाडाच्या फांदीवर जगणाऱ्या प्राण्यास पकड आणि स्पर्श यांसाठी त्या उपयोगी पडल्या. नख्यांच्या जागी चपटी नखे, बोटांसमोर येणारा अंगठा, समोर रोखलेले आणि अंतराचा अचूक अंदाज घेणारे दोन डोळे, हे सारे भांडवल त्याच वृक्षवासात जमले. आज त्याच हातांनी आम्ही लेखणी धरतो.

खुणा एवढ्यावर संपत नाहीत. मानवी गर्भास पाचव्या-सहाव्या आठवड्यात स्पष्ट शेपटी असते आणि पुढे ती विरून जाते. चिंपांझीस गुणसूत्रांच्या चोवीस जोड्या, मनुष्यास तेवीस. कारण आमचे दुसरे गुणसूत्र हे दोन जुन्या गुणसूत्रांच्या सांध्यातून बनले असून, तो सांधा त्यात आजही ओळखता येतो. गायीला किंवा कुत्र्याला आवळा खावा लागत नाही; 'क' जीवनसत्त्व त्यांचे शरीरच तयार करते. आमच्या शरीरातही ते तयार करणारे जनुक आहे, परंतु मोडलेले. वानरांत आणि माकडांतही ते मोडलेलेच आहे. एकाच दप्तरातील दोन प्रतींत तीच चूक आढळली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरविल्या आहेत, हे सांगावयास कोणा शास्त्रज्ञाची गरज नाही.

आता आमच्या दुसऱ्या प्रतिपक्षाकडे वळू. तो आमच्याच दिवाणखान्यांत बसतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन असा क्रम लावून तो म्हणतो, की उत्क्रांती आमच्या दशावतारांत आधीच सांगितली आहे. दशावतार आम्हांसही प्रिय आहेत. परंतु एकाच तोंडाने डार्विन खोटा आणि डार्विन आमचाच, ही दोन्ही विधाने करता येत नाहीत. आणि उत्क्रांती जर खरोखर आमचीच असेल, तर तिचा धडा वगळला जाताना ही मंडळी गप्प का राहिली?

होय, धडा वगळला गेला. २०२२ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने कोविडोत्तर ओझे कमी करण्याच्या नावाखाली काटछाट ठरविली, आणि २०२३ च्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणाचे नाव नुसते 'आनुवंशिकता' एवढेच उरले. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी पत्र लिहून निषेध केला. उत्तर मिळाले, की ज्यांना हवे त्यांनी बारावीत वाचावे. पण बारावीत जीवशास्त्र किती मुले घेतात? जो मुलगा पुढे हिशेबनीस, वकील किंवा अभियंता होणार, त्याच्या आयुष्यात हा विषय मग येतच नाही.

येथे आम्हां बदलीवाल्यांचा प्रश्न उभा राहतो. नव्या रायपुरात असू वा गुवाहाटीत, आमची मुले हीच केंद्रीय पुस्तके वाचतात. बदलीतही अभ्यास तुटू नये, म्हणून आम्हीच ती पत्करली. महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा होता. म्हणजे नागपूरचा पुतण्या माकडहाडाचा अर्थ शिकला आणि येथला मुलगा राहिला. आमच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीवर वानरे येऊन बसतात. दहावीतील एका मुलाने परवा आम्हांस विचारले, "काका, मग ही आता माणसे का होत नाहीत?" त्याच्या वडिलांनीही हाच प्रश्न हसत हसत विचारला होता. उत्तर सोपे आहे. वानर आमचे आजोबा नव्हेत, दूरचे चुलत आहेत. खापरपणजोबा एक म्हणून चुलतभाऊ कोणाचा बाप ठरत नाही.

शास्त्र चुकतच नाही, असा आमचा दावा मुळीच नाही. १९३२ साली हिमाचलातील बिलासपूरकडे (आमच्या शेजारचे बिलासपूर ते नव्हे) हरितल्यांगर येथे लुइस यांना जबड्याचा तुकडा सापडला. त्यास रामापिथेकस असे नाव मिळाले आणि १९६० च्या दशकात तो मनुष्याचा आद्य पूर्वज म्हणून गाजला. पुढे रक्तातील प्रथिनांच्या तुलनेने शंका उपस्थित केली. १९८२ साली पोटवारच्या पठारावरील कवटी प्रसिद्ध झाली आणि हा प्राणी ओरांगउटानच्या बाजूचा ठरला. रामाचे नाव असूनही शास्त्रज्ञांनी त्यास सिंहासनावरून उतरविले. आमच्या बारावीच्या पुस्तकात मात्र तो त्यानंतरही जुन्याच मानाने छापला गेला, ही लाजही आमचीच. चूक आढळली की धडा सुधारावा. काढून टाकू नये.

नवी पुस्तके आता इयत्तेमागून इयत्ता येत आहेत. दहावीत हा विषय परत यावा, यासाठी पालक या नात्याने प्रत्येकाने एक पत्र लिहावे, एवढीच आमची विनंती आहे. ते होईतो बालभारतीचे पुस्तक संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. आपापल्या मंडळांत गणेशोत्सवाच्या व्याख्यानांतील एक संध्याकाळ या धड्यास द्यावी, आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. आमच्या येथील संध्याकाळ आम्ही घेण्यास तयार आहोत.