अर्धा कोयता

आमच्या विद्यापीठांना एक रोखठोक सवाल आहे. तुमचा स्त्रीवाद किती गुणांचा? उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, आणि तासाला वेळ उरलाच तर दलित स्त्रीवाद. प्रत्येकाची चार वैशिष्ट्ये, दोन मर्यादा, खाली पट्टीने आखलेला तक्ता. गाईडवाले मालामाल, प्राध्यापक निश्चिंत, पोरं पास! ज्या विचारांपायी बायांनी शिव्या खाल्ल्या, तुरुंग पाहिले, त्या विचारांचं लोणचं घालून बरण्या फडताळात ठेवायची ही विद्या कोणत्या गुरुकुलातली?

त्या बरण्या काढा आणि उसाच्या फडात आणा.

पहाटे तीनला कोपीत चूल पेटते. भाकरी थापून, फडक्यात बांधून, पोर काखेला मारून ऊसतोड बाई निघते. फडात नवरा तोडतो, तीही तोडते. पोर पाचटावर निजवलेलं. मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि ट्रकला लावलेल्या हलत्या फळीवरून चढायचं. खाली तोल गेला तर दवाखान्याचा खर्चही उचलीतच, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतच, मांडला जाणार. अंधार पडला की पुन्हा तीच चूल. मुकादमाच्या वहीत मात्र ती कुठेच नाही. वहीत असतो ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, टनाचा भाव जोडीला, खाड्याचा दंडही जोडीला. पाळी आली, पोटात कळ आली, तरी खाडा तो खाडाच.

मग कोणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट जाईल. कोणी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सहांतली एक! या आकड्यापुढे उभे राहून सांगा आता तुमची वैशिष्ट्ये आणि मर्यादा.

उदारमतवाद म्हणतो, कायदा समान करा. वुलस्टनक्राफ्टबाईंनी १७९२ साली आणि मिलने १८६९ साली हेच मागितलं, आणि आमच्याकडे १९७६ साली समान वेतनाचा कायदाही झाला. तो कायदा फडाच्या बांधावर येऊन थबकला. समान वेतन द्यायला आधी दोन वेतनं असावी लागतात. इथे एकच आहे. तरीही या विचाराला ‘बूर्झ्वा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आम्ही बजावतो, की वहीत नाव लागणं ही चैन त्यांना वाटत असेल, तिला वाटत नाही.

मार्क्सवादी इथे अधिक खोल जातात, हे कबूल केलंच पाहिजे. उचल म्हणजे कर्ज, कर्ज म्हणजे वेठ, आणि गर्भाशय म्हणजे हंगामात अडथळा आणणारा यंत्राचा सुटा भाग. कारखाना, मुकादम, डॉक्टर यांची साखळी त्यांच्याइतकी स्वच्छ कोणी उलगडत नाही. पण फडातून परतल्यावर नवरा बाजेवर आडवा होतो आणि ती चुलीपुढे बसते, ते कोणत्या भांडवलदाराच्या हुकमाने? सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. हायडी हार्टमन यांनी १९७९ साली तक्रार मांडली ती हीच. जुन्या इंग्रजी कायद्यात बायको नवऱ्यात विरघळून जाई, तसा स्त्रीवाद मार्क्सवादात विरघळला, असं त्यांचं म्हणणं. हार्टमनबाईंच्या लेखात ऊस नाही. पण दोघांचा मिळून एक कोयता आणि तो कोयता नवऱ्याचा, हे त्यांना समजावून सांगायची गरज पडली नसती.

पिशवी कोणाची, हा प्रश्न नेमका जहाल स्त्रीवादाने विचारला. केट मिलेट यांनी १९७० साली सत्तेचा माग शेजघरापर्यंत काढला, हे त्यांचे उपकार. पण सगळ्या बाया बहिणी-बहिणी, हे त्या पंथाचं गोड गाणं आम्हाला मान्य नाही. साखरसम्राटाच्या बंगल्यातली बाईसाहेब आणि पाचटावर पोर निजवणारी बाई यांचं जेवण एका ताटात कसं होणार?

म्हणून ‘वेळ उरला तर’ शिकवायच्या दलित स्त्रीवादाच्या प्रकरणापासूनच सुरुवात केली पाहिजे. कोयता कोणाच्या हातात आहे ते पाहा: कोरडवाहू गावांतल्या वंजारी, बंजारा, दलित, भटक्या घरांतल्या बाया त्यात मोठ्या संख्येने दिसतील. जात टिकते ती बाईवर पहारा ठेवून, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दाखवलं. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली मुख्य प्रवाहातल्या स्त्रीवाद्यांना सुनावलं, की दलित बाईच्या जागेवरून पाहिलं तर आपलं सगळं शास्त्रच फिरवून मांडावं लागेल. आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे? त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ चं. एंगल्सच्या कुटुंबावरच्या ग्रंथाच्या दोन वर्षं आधीचं! महाराष्ट्राने ते गिळून टाकलं. संशोधक मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापेपर्यंत आमच्या विद्वानांना त्याची शुद्ध नव्हती. आजही तक्त्यात एंगल्सला रकाना आहे, ताराबाईंना तळटीप.

या पंथांपैकी एकही एकटा पुरा पडत नाही. पण चौघांचं तोंडदेखलं संमेलन भरवून कोणालाच न दुखावणारी जी मिळमिळीत बेरीज वर्गात होते, तिला आम्ही भेकडपणा म्हणतो. फडातून वाचायला लागा. मग कळेल, की कायदा लागतो, पण जोडी फोडणारा. संघटना लागते, पण बाईचं नाव घेणारी. आणि देहाचा हक्क लागतो, पण जातीची वही उघडी ठेवून.

दसरा सरला की गाड्या भरून माणसं निघतील. त्याआधी साखर आयुक्तांनी आदेश काढावा: प्रत्येक कारखान्याने तोडणीच्या नोंदीत बाईचं नाव वेगळं लिहावं, तिची मजुरी तिच्याच खात्यात भरावी, पाळीच्या नि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा धरू नये. आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनो, यंदाची सहल फडात न्या. मुकादमाची वही मागून घ्या आणि पोरांना तिच्यात बाईचं नाव शोधायला लावा.