युद्धाचा पत्ता आणि त्याचे शेजारी

जुने फ्रेंच पत्ते जमवणाऱ्यांत केवळ लष्करी चित्रांच्या मागे लागलेल्यांचा एक स्वतंत्र पंथ आहे. या छंदाकडे पाहून नाके मुरडावीत असे आम्हांस वाटत नाही. युद्धाची चित्रे जपणारा मनुष्य युद्धखोर असतोच असे नव्हे. आमचा आक्षेप एका वेगळ्याच रूढीवर आहे. अखंड कॅट फोडायचा, त्यातले तेवढे तलवार-बंदुकीचे पत्ते निवडून काचेखाली मढवायचे आणि उरलेले वाटेला लावायचे, ही ती रूढी.

पॅरिसमध्ये 1698 साली जिल द ला ब्वासिएर या राजाच्या अभियंत्याने ‘युद्धाचा खेळ’ प्रसिद्ध केला आणि तो चौदाव्या लुईचा नातू ड्यूक ऑफ बर्गंडी याला अर्पण केला. सैन्याची कूच, छावणी, लढाई, वेढा अशी चित्रे आणि प्रत्येकाखाली त्या त्या संज्ञेचे स्पष्टीकरण, अशी त्याची रचना. पुढेमागे सैन्य चालवावे लागणाऱ्या राजकुलातील मुलांना खेळता खेळता लष्करी परिभाषा अवगत व्हावी, हा त्यामागचा हेतू उघड आहे. म्हणजे हा चित्रसंच नसून एक पाठ्यपुस्तकच आहे. त्यातले वेढ्याचे एक पान फाडून घेतले, तर हाती केवळ एक देखणे कोरीव चित्र राहते. युद्ध ही शिकवण्याजोगी, नीट मांडता येण्याजोगी विद्या आहे, हा त्या काळाचा आत्मविश्वास मात्र निसटतो.

राज्यक्रांतीनंतरचा, 1793-94 च्या सुमाराचा, झोम आणि द्युगूर यांचा कॅट याहून बोलका आहे. राजे-राण्या पत्त्यांतूनही पदच्युत झाल्या. बदामच्या राजाच्या जागी युद्धाचा अधिष्ठाता आला. संग्राहक नेमका हाच पत्ता उचलतो. परंतु उरलेल्या तीन राजांच्या जागी शांती, कला आणि व्यापार यांचे अधिष्ठाते बसले होते. युद्ध ही चारांतील एक शक्ती आहे, चौघांवरची सत्ता नव्हे, असे त्या कॅटाचे म्हणणे होते. शेजारी हटवले की तेच चित्र युद्धाचा निव्वळ जयजयकार वाटू लागते.

त्याच कॅटातला चौकटचा गुलाम पाहावा. फ्रेंचांत या पत्त्याला ‘सेवक’ म्हणतात. आपण मराठीत सरळ ‘गुलाम’ म्हणतो, आणि येथे आपलाच शब्द अधिक बोचतो. कारण त्याच्या जागी आहे एक मुक्त झालेला कृष्णवर्णीय पुरुष: कॉफीच्या गठ्ठ्यावर बसलेला, मोडलेले जू पायाखाली घेतलेला आणि हाती शस्त्र असलेला. पत्त्याचे नाव ‘वर्णांची समता’. फ्रान्सने वसाहतींतील गुलामगिरी फेब्रुवारी 1794 मध्ये रद्द केली. 1802 मध्ये नेपोलियनने ती पुन्हा कायदेशीर केली. पत्त्यांतही जुने राजे परतले. ज्याच्या हाती शस्त्र आहे तो ‘लष्करी’ या सदरात घालायचा, की ज्याला दिलेले वचन आठ वर्षांत मोडले गेले त्याची साक्ष म्हणून जपायचा? सुटा पत्ता हा प्रश्नच विचारू देत नाही.

सुटा पत्ता नेहमीच मुका असतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 1685 साली कॅनडातील फ्रेंच वसाहतीत सैनिकांच्या पगाराला नाणी उरली नाहीत, तेव्हा तिथला कारभारी जाक द म्यूल याने पत्त्यांवर सही करून तेच चलन म्हणून वाटले. तशा पत्त्यावर लढाईचे चित्र नसले, तरी त्याच्याइतका लष्करी पत्ता दुसरा कोणता? त्याला कॅटातून काढले ते शिपायाच्या पोटाने. त्या सुटेपणालाच इतिहास आहे. दुकानदाराच्या हिशेबाने आज फोडलेल्या कॅटाला तो नाही.

तेव्हा आमचे मागणे साधे आहे. जो पत्ता काळाने सुटा केला तो सुटाच जपावा, आणि जो कॅट अखंड हाती आला तो अखंडच पुढच्या हाती द्यावा.