सिलिकॉनची चादर

सोलापूरच्या माणसाला ताणा-बाणा समजावून सांगावा लागत नाही. म्हणूनच अणुभौतिकीतल्या सिलिकॉन डिटेक्टरची गोष्ट नवी पेठेतल्या दुकानदाराला सांगायला मला अवघड जात नाही.

सिलिकॉनच्या पातळ चकतीवर एका बाजूला १६ उभ्या पट्ट्या असतात, दुसऱ्या बाजूला १६ आडव्या. विद्युतभारित कण आत शिरला की एक उभी आणि एक आडवी पट्टी एकाच वेळी संदेश देते. दोन्ही जिथे छेदतात तिथे कण पडला. ३२ तारांत २५६ चौकोनांवर नजर! प्रत्येक चौकोनाला वेगळी तार द्यायची, तर तितकेच प्रवर्धक आणि तितकाच खर्च.

पण फुकट काही मिळत नाही. दोन कण एकदम आले तर दोन उभ्या, दोन आडव्या पट्ट्या वाजतात आणि छेद होतात चार. दोन खरे, दोन भुतं. खरे कोणते हे ऊर्जेवरून ओळखायचं: उभ्या पट्टीने जेवढी ऊर्जा सांगितली, जवळपास तेवढीच आडवीनेही सांगायला हवी. दोन्ही कणांची ऊर्जा सारखीच निघाली तर मात्र पंचाईत. म्हणून एका वेळी किती कण येतील, याचा अंदाज घेऊनच पट्टीची रुंदी ठरते. पट्ट्या बारीक केल्या तर तारा वाढतात, रुंद केल्या तर दोन कण एकाच पट्टीत पडण्याची शक्यता वाढते.

एका डिटेक्टरने कण कुठला तेही कळत नाही. म्हणून पुढे पातळ चकती, मागे जाड. पातळ चकतीत कण थोडी ऊर्जा गमावतो, जाड चकतीत थांबतो. दोन्ही आकडे जुळवून तो प्रोटॉन की अल्फा हे ठरतं. ५.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अल्फा सिलिकॉनमध्ये विद्युतभाराच्या सुमारे १५ लाख जोड्या निर्माण करतो. ऐकायला भरपूर, प्रत्यक्षात हा भार इतका क्षीण की प्रवर्धक जवळ नसेल तर तो गोंगाटात हरवतो.

हे सगळं परदेशातच होतं असं नाही. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८पासून पेलेट्रॉन त्वरक आहे, तिथे असे डिटेक्टर वापरले जातात. जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या सीएमएस प्रयोगासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने ३२ पट्ट्यांचे सिलिकॉन डिटेक्टर आखले आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते बनवले. सुमारे हजार नग गेले. एक फोटॉन आणि अगदी शेजारी पडलेले दोन फोटॉन यांत फरक करणं हे त्यांचं काम. २०१२ साली हिग्ज कण सापडल्याची बातमी आपण पेढे वाटून वाचली. या चकत्यांचं नाव कुणी घेतलं?

माझी तक्रार इथेच आहे. आपल्याकडे सूत्र लिहिणारा शास्त्रज्ञ आणि उपकरण बनवणारा मेकॅनिक. डिटेक्टरमध्ये केसाहून बारीक ॲल्युमिनियमची तार चिकटवावी लागते, पट्टीगणिक एक. नवी पेठेत मोबाइल दुरुस्त करणारी पोरं दिवसभर भिंगाखाली असलंच नाजूक काम करतात. पण त्यातला एखादा बीएस्सीला गेला की प्रयोगशाळेत त्याच्यासमोर बंद डबा ठेवतात, रीडिंग घ्यायला सांगतात आणि मागच्या वर्षीच्या वहीशी ताडून सही देतात. सोल्डरिंगची लोखंडी सळई हातात घेतली की तो पुन्हा 'दुरुस्तीवाला' होतो. यंत्रमागाच्या जॉबरलाही या शहराने हेच केलं. माग त्याच्या कानावर चालायचे, मान मात्र मालकाला.

कुणी म्हणेल, सोलापुरात त्वरक कुठून आणणार? नकोच. काही शे रुपयांत सिलिकॉनचा फोटोडायोड मिळतो. अंधाऱ्या धातूच्या डबीत तो बसवा, विद्यार्थ्यानेच बनवलेला प्रवर्धक जोडा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत परवानगीने ठेवलेला क्षीण गॅमा स्रोत जवळ न्या. ठोके दिसू लागतात. गोंगाट येईल, डबीला भोक राहिलं तर उजेड शिरेल, तार लांब ठेवली तर ठोकाच गायब होईल. या अडचणी सोडवण्याला गुण द्या. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत निदान एक प्रश्न असा ठेवा, ज्याचं उत्तर मागच्या वहीत नाही.